पुण्यात आई-बाबांच्या टीव्हीला बॉक्स: ६४ जीबी की १२८?

प्रेषक: कोथरूड, हल्ली न्यू जर्सी

मंडळी, नमस्कार.

दिवाळीला पुण्याला जातेय. आई-बाबांच्या टीव्हीला लावायला सिनेमा-मालिकांचा बॉक्स न्यायचाय. टीव्ही फुल एचडी आहे, चित्र छान दिसतं, मागे एचडीएमआय आणि यूएसबी दोन्ही आहे, पण स्मार्ट नाही. आणि "चालतोय की!" म्हणत बाबा तो बदलू देणार नाहीत. भावाचं म्हणणं, न्यायचाच तर ॲपल टीव्ही ४के घेऊन जा आणि तोही १२८ जीबीवाला. इथे ६४ चा १२९ डॉलरला, १२८ चा १४९ ला. वीस डॉलरसाठी कशाला जीव काढतेस, इति तो. मला मात्र फायर टीव्ही स्टिक आणि गूगलचा टीव्ही स्ट्रीमरही बघावासा वाटतो.

घरातली मागणी अशी: आईला झी मराठी आणि स्टार प्रवाहच्या मालिका, पण तिचा स्वयंपाक आटोपल्यावर. बाबांना क्रिकेट आणि यूट्यूबवरचं शास्त्रीय गाणं. शिवाय कपाटात नाटकांच्या व्हीसीडींचा एक खोका आहे, प्लेअर केव्हाच बंद पडलाय. ताईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेटही आहे. हे सगळं १२८ जीबीत बसेल ना?

प्रेषक: सदाशिव पेठ, हल्ली टोरांटो

बसणार नाही, कारण त्यात काही ठेवताच येत नाही. भावाला सांग, ती जागा ॲपसाठी आहे, सिनेमांसाठी नाही.

हा घोळ जुना आहे आणि त्याला कारण आहे. २००७ साली पहिला ॲपल टीव्ही आला तेव्हा त्यात खरोखरची ४० जीबीची हार्डडिस्क होती, किंमत २९९ डॉलर. पुढे १६० जीबीचा ३९९ ला आला. त्याच वर्षी वुडू कंपनीचा बॉक्स निघाला, २५० जीबी, तोही ३९९. तेव्हा घरोघरचं इंटरनेट इतकं मंद होतं की सिनेमा आधी डिस्कवर उतरवून ठेवणं भाग होतं, त्यामुळे जितकी डिस्क मोठी तितका बॉक्स भारी. मग मे २००८ मध्ये रोकू कंपनीने नेटफ्लिक्ससाठी शंभर डॉलरच्या आत एक डबी काढली. तिच्यात हार्डडिस्कच नव्हती. सिनेमा तिकडे सर्व्हरवर, इकडे नुसती नळाची तोटी. २०१० मध्ये ॲपलनेही हार्डडिस्क काढून टाकली आणि किंमत ९९ वर आणली. आज बाजारात जे आहे ते सगळं त्या रोकूच्या डबीचं गोत्र.

आता हिशेब बघ. नेटफ्लिक्स ४के मध्ये, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारीक चित्रात, तासाला साधारण ७ जीबी ओढतं, एचडीत ३. तीन तासांचा सिनेमा ४के मध्ये २१ जीबी झाला. असे सिनेमे साठवायचे म्हटले तर १२८ काय पुरणार? म्हणून कोणी साठवतच नाही, येतं तसं दाखवायचं आणि सोडून द्यायचं. तुमचा टीव्ही तर फुल एचडी, म्हणजे ४के चा प्रश्नच नाही. नेटफ्लिक्सच्या भारतातल्या दरात ४के फक्त ६४९ च्या प्लॅनमध्ये मिळतं, ते पैसेही वाचले.

मग जागा किती हवी? ८ जीबीवाल्या स्टिकमध्ये सिस्टिम स्वतःच अर्धी जागा खाते. गूगलच्या २०२० च्या क्रोमकास्टमध्ये हातात जेमतेम साडेचार उरत. त्यात झी५, जिओहॉटस्टार, यूट्यूब, प्राइम बसतात, पण अपडेट आलं की "जागा अपुरी" अशी पाटी झळकते, आणि मग आई तुला रात्री अडीच वाजता फोन करते. १६ जीबीत, म्हणजे २०२३ च्या फायर टीव्ही स्टिक ४के मॅक्समध्ये, ही कटकट होत नाही. गूगलच्या स्ट्रीमरमध्ये ३२ आहेत, शंभर डॉलरला. १६ च्या वर तुमच्या घराला काही उपयोग नाही. ॲपलच्या १२८ वाल्यात वीस डॉलर जास्त पडतात त्यातला खरा फायदा इथरनेटच्या, म्हणजे इंटरनेटची वायर थेट जोडायच्या भोकाचा आहे. वाय-फाय दिवाणखान्यात धड पोचत नसेल तरच त्याला किंमत.

प्रेषक: सहकारनगर, हल्ली परत सहकारनगरच

सा. न. वि. वि.

टोरांटोकरांचा हिशेब बरोबर आहे, पण तो टेबलावरचा झाला. मी पुण्यात बसून शेजारपाजारच्या चार घरांतले बॉक्स चालते ठेवतो, त्या अनुभवावरून सांगतो.

पहिली गोष्ट, तिकडून आणू नकोस. अमेरिकेत घेतलेल्या वस्तूची वॉरंटी इथे सहसा कोणी बघत नाही. पिन वेगळी, म्हणून ॲडॉप्टर, त्यात तो सैल. आणि मुख्य म्हणजे तू तुझं अमेरिकेचं खातं टाकून सगळं "सेट करून" ठेवणार. ॲप स्टोअर खात्याच्या देशाप्रमाणे उघडतं. मग इथलं ॲप सापडत नाही आणि सापडलं तर आतला माल वेगळा. तुमच्या नेटफ्लिक्सवर त्यांना बसवायचा बेत असेल तर तोही सोड, एका घराबाहेरच्या टीव्हीला ते हल्ली अडवतात.

खातं आईच्या मोबाइल नंबरावर उघड. जिओहॉटस्टार असो की झी५, लॉगिन फुटलं की ओटीपी येतो. तो आईच्या हातातल्या फोनवर यायला हवा, तुझ्या न्यू जर्सीतल्या झोपेत नको. त्याआधी घरचं इंटरनेटचं बिल वाच. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये यातली एक-दोन ॲप आधीच दिलेली असतात, लोक तरी वेगळे पैसे भरत बसतात.

दुसरी गोष्ट रिमोटची. साठवण, किंमत सगळं बाजूला ठेव, सत्तरीच्या माणसासाठी बॉक्स म्हणजे रिमोट. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाचं एक बटण असतं, प्रत्येक कंपनीने त्याला स्वतःचं वेगळं बारसं केलंय. ते चालू केलंस की बॉक्सच्याच रिमोटने टीव्ही चालू-बंद होतो आणि आवाजही कमी-जास्त होतो. जुना रिमोट मग टीपॉयच्या खणात. दोन रिमोट समोर राहिले तर कोणीतरी टीव्हीच्या रिमोटवरचं इनपुटचं बटण दाबतं आणि "टीव्ही बिघडला" होतं. ॲपलचा रिमोट दिसायला सुरेख आहे, पण त्या गोल चकतीवर अंगठा घसरला की चित्र तिसरीकडेच जातं. त्यावरचं स्पर्शाचं काम सेटिंगमधून बंद करता येतं, ते पहिल्या दिवशी कर.

तिसरं, वीज. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाण्याची परंपरा आपणास ठाऊक आहेच. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही चालतो पण राउटरचा प्लग नेमका इन्व्हर्टरच्या लायनीबाहेर निघतो. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लाव. आणि स्टिक असेल तर तिला टीव्हीच्या यूएसबीवर जगवू नकोस. तिथून वीज पुरेशी येत नाही, ती मधूनच बंद होऊन पुन्हा चालू होत राहते, आणि लोक इंटरनेटला शिव्या घालतात. तिच्यासोबत आलेला ॲडॉप्टरच भिंतीत लाव.

चौथं, तपकीर गल्लीत गेलात की "सर्व चॅनेल लाइफटाइम फ्री, ४ जीबी रॅम, १२८ जीबी" असा बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स दोन-अडीच हजारांत पुढे करतील. साठवण सगळ्यात जास्त, किंमत सगळ्यात कमी, म्हणून माणूस मोहात पडतो. नको. गूगलचं प्रमाणपत्र नसलेल्या बॉक्सवर नेटफ्लिक्स एकतर चालत नाही, नाहीतर जुन्या डीव्हीडीसारखं धूसर दिसतं, कारण कॉपीपासून संरक्षणाची वरची पातळी त्यात नसते. शिवाय अशा बॉक्समध्ये कारखान्यातूनच शिरलेलं बॅडबॉक्स २.० नावाचं मालवेअर सापडलंय. जून २०२५ मध्ये एफबीआयने त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता, आणि गूगलच्या सांगण्यानुसार बाधित उपकरणं एक कोटीच्या वर. ज्या वाय-फायवर बाबा पेन्शनचं खातं उघडतात त्याला असला पाहुणा जोडायचा नाही. वायरी, ॲडॉप्टर, एचडीएमआय केबल यांसाठी मात्र तपकीर गल्लीला तोड नाही.

प्रेषक: शनिवार पेठ, हल्ली सॅन होजे

सहकारनगरकर, ॲपलच्या बाबतीत थोडा अन्याय होतोय. भारतात त्याची किंमत १४,९०० पासून आहे, स्टिकच्या दुपटीहून जास्त, मान्य. पण २०१५ चा ॲपल टीव्ही एचडी घ्या, त्याला २०२५ ची नवी सिस्टिम, टीव्हीओएस २६, सुद्धा मिळाली. दहा वर्षं! स्वस्तातली स्टिक तीन-चार वर्षांत रांगायला लागते, मग दुसरी घ्या. फायर टीव्ही उघडला की अर्धा पडदा जाहिरातींचा. आमच्या सासूबाई त्या जाहिरातीवरच ओके दाबत आणि नको त्या सिनेमात शिरत. ॲपलवर ॲपचे चौकोन मांडले की चौकोनच राहतात.

प्रेषक: सहकारनगर, हल्ली परत सहकारनगरच

जाहिरातींचा मुद्दा बिनतोड. फायर टीव्हीत वरचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं सेटिंगमधून बंद करता येतं, पण जाहिरातींचा पसारा उरतोच. तरीही पंधरा हजार घालून फुल एचडी टीव्हीला ४के चा बॉक्स लावायचा म्हणजे मला पुणेकर म्हणून झोप लागणार नाही. शिवाय ॲपलच्या बॉक्सला यूएसबीचं भोकच नाही. कोथरूडताईंच्या व्हीसीडी राहिल्याच की!

प्रेषक: कर्वेनगर, हल्ली मेलबर्न

मी त्याचीच वाट बघत होते. माझ्या मते या धाग्यातली खरी साठवण तीच आहे. मालिका उद्याही ॲपवर असेल, त्या नाटकांच्या डिस्क मात्र पुन्हा कोण विकणार?

कोथरूडताई, काम वाटतं त्याहून सोपं आहे. यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह लॅपटॉपला लाव, व्हीसीडी घाल. आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसेल, त्यात डीएटी शेवट असलेली एक मोठी फाइल असते, सातशे-आठशे एमबीच्या आतबाहेर. तीच नाटकाची चित्रफीत. कॉपी कर आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघ. टीव्हीला डीएटी कळत नाही, म्हणून हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरने तिची एमपी४ करून घे. नाटकाच्या दोन-तीन डिस्क असतात, त्यांना "अंक १, अंक २" अशी नावं दे, नाहीतर आई तिसऱ्या अंकापासून सुरू करेल. चित्र ३५२ बाय २८८ चंच आहे. ते मोठं करून सुधारायच्या फंदात पडू नकोस, मूळ जसं आहे तसं ठेव.

पन्नास डिस्क धरल्या तरी चाळीस जीबीत काम होतं. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पाच-सहाशे रुपयांत. तो बॉक्सला नको, टीव्हीच्याच यूएसबीला लाव. स्मार्ट नसलेले टीव्हीसुद्धा पेनड्राइव्हवरची एमपी४ बहुधा वाचतात. टीव्हीसाठी पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट करावा लागला तर एक फाइल ४ जीबीच्या आत हवी, व्हीसीडीला ती अडचण कधीच येत नाही. आधी एकच फाइल टाकून टीव्हीवर तपास, मग बाकीच्या कर.

लग्नाची कॅसेट हे वेगळं प्रकरण. व्हीएचएस कॉम्प्युटरात घ्यायला चालू व्हीसीआर लागतो. पुण्यात जुने फोटो-व्हिडिओवाले हे काम करून देतात. देताना "एमपी४ करून द्या" हे स्पष्ट सांग, नाहीतर डीव्हीडी हातात ठेवतात आणि आपण पुन्हा जिथे होतो तिथे. कॅसेटला बुरशी असेल, पांढरे ठिपके दिसतील, तर ती घरी कोणत्याही व्हीसीआरमध्ये घालून बघू नकोस, टेप तुटते.

आणि प्रत दोन ठिकाणी ठेव, एक पुण्यात, एक तुझ्याकडे. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच जुन्या, चटकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागून प्रभातच्या काळातला केवढा ठेवा गेला. तिथे निदान फिल्म सांभाळणारी माणसं होती, आपल्याकडे कपाट आहे.

प्रेषक: कोथरूड, हल्ली न्यू जर्सी

सगळ्यांचे आभार. भावाला हा धागा पाठवला, त्याचं उत्तर आलं: "बरं."

तर ठरलं असं. इथून काही नेत नाही. पुण्यात १६ जीबीची स्टिक घेणार, आईच्या नंबरावर खातं, एक रिमोट, राउटरला यूपीएस. इंटरनेटच्या बिलाचा फोटो आईकडून आज मागवला. त्यात जिओहॉटस्टार आधीपासूनच आहे, कोणी चालू केलंच नव्हतं. सॅन होजेकर, जाहिरातींनी आई वैतागली तर पुढच्या वर्षी तुमचं ऐकते. पेनड्राइव्ह टीव्हीच्याच यूएसबीत.

एक अडचण: माझ्या लॅपटॉपला डिस्क ड्राइव्ह नाही, आणि चार दिवसांच्या कामासाठी विकत घ्यायचं जिवावर येतंय. पुण्यात कोणाकडे आहे का?

प्रेषक: सहकारनगर, हल्ली परत सहकारनगरच

माझ्याकडे आहे, घेऊन जा. त्याआधी डिस्क मऊ सुती कापडाने पुसून ठेव. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. आणि फटाक्यांच्या गडबडीत नको, वसुबारसेच्या आधी ये.