मुंबईच्या एफएमवरील बोलके कार्यक्रम रात्रीच का लागतात?

ठाणेकर श्रोता (प्रश्न)

नमस्कार. ठाणे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा प्रवास मी रोज मोटारीने करतो आणि वाटेत सगळी एफएम केंद्रे फिरवून पाहतो. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ९१.१ पासून १०४.८ पर्यंत कोठेही गेले तरी कार्यक्रमाची घडण जवळजवळ एकच असते. दोन गाणी, निवेदकाचे अर्ध्या मिनिटाचे बोलणे, पूर्व द्रुतगती मार्गावरील कोंडीची माहिती आणि मग जाहिराती. ज्यांत माणूस जरा सविस्तर बोलतो आणि श्रोत्यांचे फोन घाईने कापले जात नाहीत, असे कार्यक्रम रात्री नऊनंतरच का लागतात? एवढी केंद्रे एकमेकांशी स्पर्धा करत असताना एकालाही सकाळी वेगळे काही करावेसे का वाटत नाही? आणखी एक शंका आहे. अमेरिकेत प्रत्येक तासाला केंद्राने आपली ओळख सांगण्याची सक्ती आहे असे वाचले होते. आपल्याकडची खासगी केंद्रे दर दोन मिनिटांनी स्वतःचे नाव घेतात, तेही अशाच एखाद्या नियमामुळे का?

मध्यलहर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर श्रोत्यांच्या आवडीनिवडीत शोधण्याआधी परवान्याच्या अटींत शोधावे. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम प्रसारित करता येत नाहीत. खासगी एफएम परवान्यांच्या २०११ च्या तिसऱ्या टप्प्यातील धोरणाने आकाशवाणीचे बातमीपत्र कोणताही बदल न करता ऐकवण्याची मुभा दिली. वाहतूक, हवामान, स्थानिक क्रीडास्पर्धांचे समालोचन, परीक्षांचे निकाल, रोजगाराच्या संधी, पाणी व वीजपुरवठा आणि नैसर्गिक आपत्ती यांविषयीची माहिती बातमी समजली जाणार नाही, असेही त्यात ठरले. त्यामुळे अंधेरीच्या सबवेत पाणी भरले आहे हे निवेदक सांगू शकतो. परंतु ते दर पावसाळ्यात का भरते आणि उपायांवरचा पैसा कोठे जातो, यावर लोकप्रतिनिधीला समोर बसवून तासभर वाद घालायचा म्हटले की केंद्राच्या वकिलाला घाम फुटतो. दूरसंचार व प्रसारणाच्या नियामक संस्थेने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २०२३ मध्ये ताशी दहा मिनिटांपर्यंत बातम्यांना परवानगी द्यावी अशी शिफारस केली, पण नुसत्या शिफारशीने परवान्यातील अट बदलत नाही.

अमेरिकेतला बोलका रेडिओ नेमका याच वादांवर पोसला गेला. वादग्रस्त विषयांच्या दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन तेथे १९८७ मध्ये रद्द झाले, १९८८ मध्ये राजकीय निवेदक रश लिंबॉ यांचा दुपारचा कार्यक्रम देशभर जाऊ लागला, आणि संगीत एफएमकडे गेल्याने पोकळ झालेल्या मध्यलहरीच्या (एएम) केंद्रांनी असे कार्यक्रम उचलून धरले. ज्या विषयांवर माणसे चिडून फोन उचलतात तेच आपल्याकडे वर्ज्य असतील, तर दिवसभर बोलायचे तरी कशावर?

वेळापत्रकवाली

मध्यलहर यांनी सांगितलेले बरोबर आहे, तरी सकाळचा एकसारखेपणा केवळ नियमांमुळे येत नाही. एका खासगी केंद्रात कार्यक्रमांचे वेळापत्रक लावण्याचे काम मी केले आहे. तेथे प्रत्येक तासाचे एक 'क्लॉक' आखलेले असते. गाणे कोठे, लिंक म्हणजे निवेदकाचे बोलणे कोठे, टाइम चेक कोठे आणि ब्रेक कोठे, हे सगळे त्यात मिनिटागणिक ठरलेले असते. जाहिरात दहा सेकंदांच्या मापाने विकली जाते आणि सकाळ-संध्याकाळच्या प्रवासाच्या वेळा सर्वांत महाग असतात. त्या वेळात आरजेची लिंक लांबली, तर पुढचा ब्रेक सरकतो आणि विक्री विभागाचा फोन येतो.

श्रोता कसा ऐकतो, हेही येथे महत्त्वाचे आहे. मोटारीतला माणूस सिग्नलला थांबला की बटण दाबतो. गाण्याच्या मध्यावर पोहोचला तरी ते त्याला कळते आणि आवडले तर तो थांबतो. चर्चेच्या मध्यावर पोहोचला तर विषय कोणता, बोलणारा कोण, हे समजेपर्यंत पुढचे केंद्र लागलेले असते. त्यामुळे दिवसा बोलका कार्यक्रम लावणारे केंद्र पहिल्याच महिन्यात श्रोते गमावते, आणि ते श्रोते शेजारच्या केंद्राकडे जाणार हे सर्वांना ठाऊक असते. आम्ही तर इतर केंद्रांचे ब्रेक केव्हा लागतात हे ऐकून आमचा ब्रेक त्याच सुमारास आणत असू, म्हणजे जाहिरात टाळायला निघालेल्या श्रोत्याला तिकडेही जाहिरातच मिळावी. (श्रोता म्हणून मला याचा राग येतो, हे प्रामाणिकपणे सांगते.)

खर्चाचे गणितही बोलण्याच्या बाजूचे नव्हते. कॉपीराइट बोर्डाने २०१० मध्ये एफएम केंद्रांसाठी गाण्यांचे मानधन निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवले, तेव्हापासून काही वर्षे तरी गाणे हा तास भरण्याचा स्वस्त मार्ग झाला. चांगल्या बोलक्या कार्यक्रमाला लेखक लागतो, निर्माता लागतो आणि फोन आधी ऐकून निवडणारा माणूस लागतो. रात्री ब्रेक कमी असतात, श्रोता बहुधा एकटा असतो आणि लगेच कोठे उतरायचे नसल्याने लांबलेले बोलणे त्याला खटकत नाही; म्हणून प्रेमाचे सल्ले आणि गोष्टी तेथे जातात. बोलण्याला श्रोते मिळत नाहीत असे मात्र मुळीच नाही. जुन्या चित्रपटसृष्टीच्या किश्श्यांचा अन्नू कपूर यांचा कार्यक्रम ९२.७ बिग एफएमवर मन लावून ऐकणारे लोक मी पाहिले आहेत.

आता नावाबद्दल. दर दोन मिनिटांनी नाव घेणे हे मोजणीतून आले आहे. टॅम मीडिया रिसर्चने २००७ मध्ये मुंबईसह काही महानगरांत रेडिओचे श्रोते मोजायला सुरुवात केली, ती डायरीच्या पद्धतीने. निवडलेल्या कुटुंबातील व्यक्तीने आपण काय ऐकले ते स्वतः लिहायचे असे. लिहिताना जे नाव आठवेल त्याच्या खात्यात ती वेळ जमा होणार, म्हणून गाण्याच्या आधी स्वीपर (केंद्राच्या नावाची छोटी ध्वनिफीत), नंतर जिंगल आणि लिंकच्या सुरुवातीला व शेवटी पुन्हा नाव, अशी सवय पडली. गाणी सगळीकडे तीच असल्यावर केंद्र ओळखायला नावाशिवाय उरतेच काय?

तिसरी सभा

आकाशवाणीकडे ओळख सांगण्याची शिस्त फार जुनी आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि पुढे मुंबईची कॉल साइन, म्हणजे केंद्राची अधिकृत अक्षरी खूण, व्हीयूबी अशी झाली. मध्यलहरीवर सभा, म्हणजे दिवसातील प्रसारणाचे एक सत्र, सुरू होताना संकेतधून, मग केंद्राचे नाव, मीटर आणि किलोहर्ट्झ, असा क्रम असे. अस्मिता वाहिनीचे ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे ५३७.६ मीटर, हे ज्यांना आजही तोंडपाठ आहे अशी माणसे गिरगावात सापडतील. काटा फिरवून केंद्र शोधणाऱ्याला त्या आकड्यांचा खरा उपयोग होता.

१९९३ पासून १९९८ पर्यंत आकाशवाणीच्या एफएम वारंवारतेवर खासगी निर्मात्यांना वेळ विकली जात असे. टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे एकाच वारंवारतेवर आपापल्या वेळी येत. आकडा एकच आणि बोलणारे निराळे, अशा स्थितीत नाव वारंवार सांगितल्याशिवाय कोण बोलत आहे हे कळलेच नसते. माझ्या मते मुंबईतल्या जिंगलच्या सुळसुळाटाचे मूळ डायरीच्याही आधी, तेथे शोधायला हवे.

हडसनकाठचा

अमेरिकेतील नियम थोडक्यात सांगतो, कारण मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या नियमानुसार प्रसारण सुरू होताना, संपताना आणि दर तासाच्या आरंभाच्या जवळ, कार्यक्रमात स्वाभाविक खंड येईल तेथे, ओळख द्यावी लागते. त्यात कॉल साइन आणि लगेच परवान्यातील गावाचे नाव हवे. मध्ये वारंवारता किंवा परवानाधारकाचे नाव घालता येते, जाहिरातीचे घोषवाक्य नाही. बाकी वेळी केंद्राने स्वतःला काहीही म्हणवून घ्यावे.

बोलक्या केंद्रांची स्थानिक स्पर्धा कशी असते, याचे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. ७७० किलोहर्ट्झवरील डब्ल्यूएबीसीने १९८२ मध्ये संगीत सोडून बोलणे धरले. लिंबॉ यांचा कार्यक्रम त्याच केंद्रावर लागत असे, तो २०१४ मध्ये ७१० वरील प्रतिस्पर्धी डब्ल्यूओआरकडे गेला. तेथे निवेदकच श्रोत्यांना घेऊन जातो, त्यामुळे त्याच्या वेळेभोवती बाकीचे वेळापत्रक रचले जाते.

ठाणेकर श्रोता

सर्वांचे आभार. वेळापत्रकवाली ताई, एकच शंका राहिली. काही कंपन्यांकडे मुंबईत आता एकापेक्षा जास्त वारंवारता आहेत. त्याने स्पर्धा कमी होऊन परिस्थिती आणखी बिघडणार नाही का?

वेळापत्रकवाली

उलट होण्याची शक्यता मला अधिक वाटते. दुसऱ्या टप्प्यात एका कंपनीला शहरात एकच वारंवारता मिळत असे. तिसऱ्या टप्प्यात शहरातील ४० टक्क्यांपर्यंत वाहिन्या एका कंपनीला घेता येतात, फक्त किमान तीन चालक असावे लागतात. स्वतःच्या दुसऱ्या वारंवारतेवर तीच गाणी वाजवली तर मालक स्वतःचेच श्रोते पळवतो, म्हणून त्याला काही निराळे करावेच लागते. फीवर १०४ चालवणाऱ्या एचटी मीडियाने ९१.९ वर रेडिओ नशा आणला, तो जुन्या हिंदी गाण्यांसाठी. बातम्यांची अट शिथिल झाली, तर दिवसाचा पहिला बोलका कार्यक्रम अशाच एखाद्या मालकाच्या दुसऱ्या वारंवारतेवर लागेल असा माझा अंदाज आहे; तोही बहुधा दुपारी, कारण दोन ते चारच्या वेळेला गिऱ्हाईक मिळवताना विक्री विभागाला आधीच नाकी नऊ येतात.