ताईच्या घराचे हप्ते थकलेत, मदत कशी करावी?

गिरणाकाठ:
ताई-दाजींचं चाळीसगावला घर आहे. गृहवित्त कंपनीचं १८ लाखांचं कर्ज, २० वर्षं, ९ टक्के, हप्ता १६,१९५. दाजी जिनिंगमध्ये कामाला. कापसाचा हंगाम संपला की पगार बंद. ५ जून आणि ५ जुलैचा हप्ता थकला, ५ ऑगस्ट तोंडावर आहे. माझ्याकडे ६० हजार आहेत. बाबा शेत गहाण टाकायला निघालेत. गावातला एक जण ३ रुपये शेकड्याने देतो, पण खरेदीखत करून मागतो. कंपनीचा माणूस म्हणतो, मुदत २५ वर्षं करून घ्या. काय करावं?

जमाखर्च:
भाऊ, शेताचं आधी थांबवा. ३ रुपये शेकडा म्हणजे वर्षाला ३६ टक्के, आणि ते ९ टक्क्यांच्या कर्जात भरायचे! खरेदीखत नोंदलं की कागदावर जमीन त्याची. ‘पैसे फेडले की परत करून देतो’ हे नुसतं तोंडी राहतं. अवैध सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, पण ती वेळच येऊ देऊ नका.

तुमच्या ६० हजारांत भागतंय. तीन हप्त्यांचे ४८,५८५ होतात, उरलेल्यातून दंड आणि खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेल्याचे आकार. दाजींना घेऊन शाखेत जा, खातेउतारा आणि थकबाकीचा तपशील लेखी घ्या. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावलेलं दिसलं तर हरकत घ्या, रिझर्व्ह बँकेने ते बंद केलंय. पैसे तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा, वसुलीवाल्याच्या हातात रोख नको. ऑगस्टचा हप्ता मात्र ४ तारखेलाच दाजींच्या बँक खात्यात टाका. तो परत गेला तर बँक आणि कंपनी दोघंही आकार लावतात.

तारीख लक्षात ठेवा. थकलेल्या दिवसांची मोजणी सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्यापासून होते. ५ जूनचा हप्ता भरलाच नाही तर ९० दिवस ३ सप्टेंबरला भरतात आणि खातं एनपीए, म्हणजे कंपनीच्या दप्तरी थकीत कर्ज, होतं. त्याआधी एक हप्ता भरला तरी मोजणी पुढे सरकते. एनपीए झाल्यावर मात्र सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं नियमित होत नाही.

कर्जवही:
मुदत वाढवून फारसं हाती लागत नाही. १८ लाखांवर २५ वर्षं धरली तर हप्ता १५,१०६, म्हणजे महिन्याला १,०८९ ची सूट, आणि एकूण व्याज साधारण साडेसहा लाखांनी जास्त. दाजींची अडचण हप्ता मोठा असल्याची नाहीच, सहा महिने पगार नसल्याची आहे. सहा हप्त्यांचे ९७,१७० हंगामातच बाजूला पडले पाहिजेत, ताईच्या नावाच्या आवर्ती ठेवीत.

इथे बरेच जण चुकतात: हंगामात पैसे आले की कर्जात जादा भरतात. ती रक्कम मुद्दलात वळते, मुदत कमी होते, पण पुढच्या महिन्याचा हप्ता तसाच उभा राहतो.

गिरणाकाठ:
कंपनी मला सहकर्जदार व्हायला सांगते. सही करू का? आणि नोटीस आलीच तर?

जमाखर्च:
सही नको. पूर्ण कर्ज तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या नोंदींच्या अहवालात, दिसेल, उद्या तुम्हाला ट्रॅक्टरला कर्ज मिळताना अडेल. बहिणीला भावाने दिलेल्या भेटीवर तिला आयकर नाही. उसने देणार असाल तर २० हजार किंवा जास्त रोखीने देऊ नका.

एनपीएनंतर सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा), कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते. ती घ्यायला नकार देऊ नका. लेखी हरकत पाठवा, कंपनीला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. पैसे भरून घर सोडवायचं असेल तर लिलावाची जाहिरात निघायच्या आत. त्यानंतर तो हक्क राहत नाही.

कर्जवही:
वाचणाऱ्यांपैकी कुणाचं कर्ज पतसंस्थेचं असेल तर वरचं सरफेसीचं लागू नाही. तिथे उपनिबंधकांकडून सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो. त्याविरुद्ध पुनरीक्षणाला, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला, जायचं तर वसुलीच्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात. म्हणून १०१ च्या सुनावणीची नोटीस आली की त्याच तारखेला हजर राहून हिशेबावर हरकत नोंदवा.