ओपन फेस चायनीज पोकर : पहिले पाच पत्ते कसे लावायचे?

रामबागचा_भाचा

नमस्कार मंडळी. दिवाळीला इंदूरला आत्याकडे आलोय. यंदा घरात रमी मागे पडली आणि ओपन फेसचं वेड लागलंय. पैसे नाहीत, वहीत पॉइंट लिहितो. बहुतेक वेळा मी आणि आतेभाऊ दोघंच असतो. पाच पत्ते उघडे मांडायचे, मग एकेक पत्ता घेत तेरा पुरे करायचे : वर तीन, मध्ये पाच, खाली पाच.

वाद पहिल्या पाचांवरून होतो. काल मला आले ते असे : बदामचा राजा, बदाम नव्वी, बदाम पंजी, इस्पिकची राणी, किलवरची चार. माझं म्हणणं, तिन्ही बदाम खाली कलरसाठी (पाचही पत्ते बदाम) आणि राणी वर. भाऊ म्हणतो राजा-राणी दोन्ही वर ठेव, राणीची जोडी झाली की फॅन्टसीलँड, म्हणजे पुढच्या डावात सगळे पत्ते एकदम हातात. कुणाचं बरोबर?

दांडिया_बाजार_बडोदा

राजा-राणी दोन्ही वर अजिबात नको. वर जागाच तीन, त्यातल्या दोन पहिल्याच फटक्यात गेल्या. शेवटी शेवटी तिर्री-दुर्री आली की टाकणार कुठे? आमच्याकडे श्रावणात सातम-आठमला घरोघर पत्ते बसतात, तेव्हा नवीन माणूस नेमका इथेच फाऊल होतो, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा भारी होऊन त्याचा अख्खा हात बाद.

जुनी_इंदूरकरीण

भाच्या, मी शाळेत गणित शिकवायचे, आणि हा खेळ मला मनापासून आवडतो. त्यामुळे जरा लांबण लागेल.

तू हातात काय आलं ते लिहिलंस, समोर काय मांडलेलं होतं ते लिहिलं नाहीस. ओपन फेसमध्ये ते आधी बघायचं. तुझे पाच आणि भावाचे पाच उघडे, म्हणजे न दिसलेले पत्ते ४२. त्यातले आठ तुला मिळणार. भावाकडे एकही बदाम नसेल तर बाहेर दहा बदाम आहेत, आणि आठ पत्त्यांत निदान दोन बदाम येण्याची शक्यता साधारण ६३ टक्के. त्याच्याकडे तीन बदाम दिसत असतील तर हीच शक्यता ४० वर येते. हात तोच, पत्ते तेच, पण पहिल्या वेळी मी डोळे मिटून खाली कलर धरेन आणि दुसऱ्या वेळी विचार करेन. तरी तुझ्या या हातात बदामचाच राजा आहे. कलर फसला तरी खाली राजाची जोडी होऊ शकते. तीन बदाम सत्ती-पंजी-तिर्री असते तर हा आधार नसता.

आता राणी. समोर राणी दिसत नसेल तर आठ पत्त्यांत दुसरी राणी येण्याची शक्यता जवळपास निम्मी. हे ऐकून तुझा भाऊ खूश होईल, पण त्याने पुढचा हिशोब करावा. वर राणीची जोडी बसली की मधल्या ओळीला राजाची जोडी, एक्क्याची जोडी किंवा दोन जोड्या तरी हव्यात, आणि खालची ओळ त्याहून मोठी हवी. नाहीतर फाऊल. दोघांच्या खेळात फाऊल म्हणजे तिन्ही ओळींचे तीन, वर स्कूपचे (तिन्ही ओळी एकानेच जिंकल्याचे) तीन, असे सहा पॉइंट गेले, शिवाय समोरच्याची रॉयल्टी, म्हणजे त्याच्या भारी ओळींचे जादा पॉइंट, द्यायची. वरच्या राणीच्या जोडीचे ७ मिळतात हे खरं, पण ते मधली-खालची उभी राहिली तरच.

म्हणून मी पाया आधी बघते. खाली रॉयल्टी सिक्वेन्सला २, कलरला ४, फुल हाऊसला (तीन सारखे आणि एक जोडी) ६. मध्ये याच गोष्टींना दुप्पट. सिक्वेन्सवर मी सुरुवातीला फारसा भरवसा ठेवत नाही : नेमके आकडे लागतात आणि पैदास दोनाची. दोन जोड्या आल्या, समजा नव्वीची आणि चौकारांची, तर पुष्कळ जण नव्वी खाली आणि चौकार मध्ये असे फोडतात. मी चारही पत्ते खालीच ठेवते. लागणारे चारही पत्ते बाहेर असतील तर फुल हाऊस होण्याची शक्यता ५८ टक्क्यांच्या वर, आणि खालची ओळ एवढी भक्कम झाली की मध्ये मोकळेपणाने खेळता येतं. त्यातला एक जरी समोर दिसला तर मात्र ती ४८ वर येते, तरीही मी फोडत नाही.

बडोदेकर म्हणतात ते जागेचं अगदी खरं आहे. वरची ओळ ही नकोशा पत्त्यांची शेवटची सोय आहे, ती लवकर भरू नये.

तुम्ही पाइनॅपल खेळत असाल, म्हणजे दर वेळी तीन पत्ते घेऊन एक टाकत असाल, तर गोष्ट वेगळी. तिथे पहिल्या पाचांनंतर बारा पत्ते बघायला मिळतात. तेव्हा राणी वर ठेवायला मीही कचरत नाही.

रामबागचा_भाचा

ताई, एकेकच पत्ता घेतो, पाइनॅपल नाही. आणि हो, भावाने आधी मांडले होते. त्याच्याकडे दोन बदाम होते आणि मध्ये किलवरची राणी. मग?

जुनी_इंदूरकरीण

मग बाहेर आठ बदाम उरले, कलरची शक्यता साधारण ४८ टक्के. राजाच्या आधारामुळे तिन्ही बदाम मी तरीही खालीच ठेवीन. राणीचं मात्र बदललं. बाहेर दोनच राण्या, त्यातली एक तरी तुझ्याकडे येण्याची शक्यता ३५ टक्क्यांच्या आत. एवढ्यासाठी वरची जागा अडवायची नाही. राणी आणि किलवरची चार दोन्ही मध्ये, वर पूर्ण मोकळं. पुढे एक्का आला तर तो वर जाऊ दे. भावाला सांग, त्याने ती राणी स्वतः मध्ये मांडून तुझा प्रश्न सोपा केला.

दांडिया_बाजार_बडोदा

ताईंशी सहमत, फक्त किलवरची चार मी वर टाकली असती. मध्ये चौकाराची जोडी झाली तर ती फार उपयोगाची नाही, आणि मध्ये चार जागा मोकळ्या राहिल्या तर तिथे दोन जोड्यांना वाव जास्त.

जुनी_इंदूरकरीण

हेही चालेल. तीन जण खेळत असाल तर मीही तसंच करीन, कारण तेव्हा आणखी पाच पत्ते उघडे असतात आणि वर एक्का-राजा मिळण्याची आशा मोजूनच ठरवता येते.