फळ्यावर लिहिणं म्हणजे आळस? मग ऐकाच

खडूफळा: काल या फोरमवर 'नवीवाट' यांनी लिहिलं, "आजच्या काळात फळ्यावर लिहून शिकवणं हा निव्वळ आळस आहे. लेक्चर व्हिडिओवर द्या, वर्गात फक्त प्रश्न सोडवून घ्या." रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. एसएन-२ या रिॲक्शनमध्ये इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे बाण दोनच. पण पहिलाच बाण निम्मी मुलं कार्बनकडून न्यूक्लिओफाइलकडे (म्हणजे इलेक्ट्रॉन देणाऱ्याकडे) काढतात, म्हणजे उलटा. मी फळ्यावर काढत असताना तीही वहीत काढतात, म्हणून मागच्या बाकापर्यंत जाऊन तिथल्या तिथे चूक पकडता येते. स्लाइडवर दोन्ही बाण आयते येतात, मुलं मोबाईलवर फोटो काढतात, विषय संपला. आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार म्हटलं की आमच्याकडे प्रोजेक्टरवरची धूळ झटकली जाते, फोटो निघतात, प्रोजेक्टर परत कपाटात. आळशी कोण, ते ठरवा.

नवीवाट: मॅडम, स्लाइडबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. हार्वर्डला एरिक माझुर नव्वदच्या दशकापासून फिजिक्स असंच शिकवत आले: मुलं वाचून येणार, वर्गात एक प्रश्न, आधी प्रत्येकाचं स्वतंत्र उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. क्लिकर (बटण दाबून उत्तर द्यायचं यंत्र) नसला तर क-ख-ग-घ लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डं चालतात. फेट या वेबसाइटवरची सिम्युलेशन्स (संगणकावरचे प्रयोग) फुकट आहेत, बरीचशी उतरवून ठेवली की नेटही लागत नाही. कारणं सांगणं थांबवा.

एसटीपास: कारणं? मी गेल्या वर्षी बीएस्सी झाले. घरी एकच स्मार्टफोन, तो दादाकडे, माझ्या हातात यायचा रात्री दहानंतर. 'व्हिडिओ बघून या' म्हणणाऱ्या सरांच्या तासाला मी मान खाली घालून बसायचे. व्हिडिओ इंग्रजीत, माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. सरांनी कधी विचारलंही नाही की बघायला मिळाला का. मात्र एक कबूल करते, मिळाला तेव्हा थांबवून, मागे नेऊन चार वेळा ऐकता यायचं. वर्गात मॅडमना चौथ्यांदा विचारायची माझी हिंमत नव्हती.

तासिकावाला: हे सगळं करणार कोण, ते आधी बोला. मी सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने नेमलेला आहे. मानधन फक्त घेतलेल्या तासाचं, तेही महिनोन्‌महिने रखडतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. प्रश्न तयार करायचे, व्हिडिओ बनवायचे, तो वेळ कुठल्या बिलात लावू?

नवीवाट: विषय भरकटवू नका. सीएचबीसाठी वेगळा धागा काढा.

तासिकावाला: भरकटवतोय? प्राध्यापकीची नेट परीक्षा झालीय, पीएचडी झालीय, सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात तास घेतो. मधल्या वेळात स्टँडवर डबा खातो. तुमच्या त्या पद्धतीला मुलांची नावं माहीत असणारा माणूस लागतो, आणि मी पुढच्या जूनमध्ये तिथे असेन की नाही हे मलाच ठाऊक नाही. कायम नोकरीत बसून आम्हाला आळशी म्हणू नका!

खडूफळा: मी कायम आहे आणि यांचं शंभर टक्के पटतं. आमच्या विभागात रिकाम्या जागा भरल्याच जात नाहीत. २०२१च्या नियमांनी यूजीसीने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून करायची मुभा दिली. उद्या संस्था म्हणेल, माणूस कशाला नेमायचा, स्वयम आहे ना!

नवीवाट: ही भीती खोटी नाही, एवढं मान्य. पण त्यासाठी मुलांनी तासभर नुसतं उतरवून घेत बसायचं का? माझ्या वर्गात शेजाऱ्याशी भांडून उत्तर बदलणारी मुलं मी रोज बघतो. ते मी सोडणार नाही.

खडूफळा: सोडा असं कोण म्हणतंय? कार्डं मी करून बघेन, त्याला वीजही लागत नाही. घरी व्हिडिओ मात्र देणार नाही, एसटीपासने काय लिहिलंय ते पुन्हा वाचा.

एसटीपास: मॅडम, द्या. फक्त कॉलेजच्या लायब्ररीत संगणकावर टाकून ठेवा, आणि लायब्ररी शेवटच्या एसटीपर्यंत उघडी ठेवायला लावा. आमची चारलाच बंद व्हायची.

तासिकावाला: आणि ती उघडी ठेवणाराही कंत्राटीच असणार. त्याचा पगार वेळेवर होतो का, तेही विचारा.