सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये आले म्हणून गणित सुटते का?

सहप्रमेय: "ऑनलाइन अभ्यासक्रमात सेजसारखी गणिते सोडवणारी सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडून देणे म्हणजे मुलांच्या हातातली वही काढून घेणे", हे या चर्चेतले कालचे विधान वाचून राहवले नाही. विल्यम स्टाइन यांनी 2005 मध्ये सेज सुरू केले, पण आमच्या विंडोजच्या संगणकांवर ते चालवायला आधी व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) चढवावे लागे आणि दोन तासिका त्यातच जात. आज सेजसेल, म्हणजे ब्राउझरमधूनच वापरता येणारे सेज, उघडून माझे विद्यार्थी एसटीत बसल्या बसल्या मोबाइलवर मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढतात. यात वही कोणी हिरावली?

खडूफळा: वही राहते, शंका जाते. माझ्या विद्यार्थ्याने एक छेद एक्सचे इंटिग्रेशन विचारले, पडद्यावर नुसते 'लॉग एक्स' आले आणि त्याने तेच उतरवले. केवल मूल्याचे चिन्ह कुठे आहे, असे विचारल्यावर म्हणाला, "सर, सॉफ्टवेअर कसे चुकेल?"

त्रिज्या: ते चुकलेले नाही. सेज एक्सला संमिश्र संख्या (कॉम्प्लेक्स नंबर) मानते. ऋण एक्ससाठी केवल मूल्यासह आणि त्याविना अशा दोन्ही उत्तरांत फरक पडतो तो एका स्थिरांकाचा, म्हणून उणे दोन ते उणे एक या मर्यादांत दोन्हीकडून उणे लॉग दोनच मिळते.

खडूफळा: मॅडम, पहिल्या वर्षाच्या मुलाने संमिश्र लॉगरिदम पाहिलेलाही नसतो. त्याचे गुण जातात, तुमचे नाही!

सहप्रमेय: मग दोष प्रश्न काढणाऱ्याचा आहे. ख्रिस सँग्विन यांनी घडवलेली स्टॅक ही ऑनलाइन चाचणीची प्रणाली मूडल या शिक्षण-मंचावर मॅक्सिमा या बीजगणिती सॉफ्टवेअरच्या आधारे उत्तर तपासते. कोणते रूप स्वीकारायचे आणि चुकल्यास काय सांगायचे, हे शिक्षकच ठरवतो. हे कष्ट न घेता सॉफ्टवेअरला बोल लावणे मला पटत नाही.

रेंजनाही: तुम्ही दोघे लॉगवर भांडत आहात, पण सेजसेलचा हिशेब दूरच्या सर्व्हरवर होतो, हे कोणी बोलतच नाही. आमच्या गावात चाचणीच्या रात्री रेंज गेली आणि अर्धी उत्तरे अडकली. मोझिलातून निघालेल्या पायोडाइडमुळे पायथन भाषा ब्राउझरमध्येच चालते आणि तिच्यातले सिमपाय हे गणिताचे साधनही. एकदा उतरवून घेतले की हिशेब स्वतःच्या यंत्रावर होतो. अभ्यासक्रम करणाऱ्यांनी आधी ते द्यावे.

त्रिज्या: हे मान्य. खडूफळा सर, त्या मुलाला उणे दोन ते दोनपर्यंत लॉग एक्सचा आलेख सेजमध्येच काढायला लावा. डावी बाजू कोरी राहील.

खडूफळा: लावीन. मात्र डावी बाजू कोरी का राहिली, हे त्याने वहीत लिहून दाखवल्याशिवाय पुढचे गणित देणार नाही.