काही धर्मगट संख्येने कमी, पण बातम्यांत एवढे मोठे कसे?

मुलुंडकर: २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात जैन साधारण १४ लाख आणि बौद्ध ६५ लाखांच्या वर. तरी २०१५ ची पर्युषणातली (जैनांच्या उपासाच्या दिवसांतली) मांसबंदी किंवा २०२५ चा दादर कबुतरखाना बंद करण्यावरचा वाद आठवडेच्या आठवडे चॅनलवर चालू, आणि त्याच दादरला ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात तेव्हा बातमी काय तर गर्दी आणि ट्रॅफिक. असं का होतं? मला खरंच त्रास होतो याचा.

सावंतवाडीचा: मला वाटतं संख्या नाही, ठिकाण बघा. देशातले जवळपास ८० टक्के जैन शहरांत राहतात, आणि चॅनलची ऑफिसं पण मुंबईतच. व्यापारी संघटना, ट्रस्ट सगळं बांधलेलं, त्यामुळे एक मागणी लगेच मंत्र्यापर्यंत जाते. बौद्ध समाज विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांत खूप आहे, तिथे ओबी व्हॅन (चॅनलची थेट प्रक्षेपणाची गाडी) अत्याचार झाला तरच पोचते, तीही कधीकधीच.

आभा_पुणे: पटलं, पण फक्त पैसा म्हणून सोडून देऊ नका, ते अन्यायकारक होईल. मांसबंदीत मराठी विरुद्ध जैन असा वाद पक्षांनी पेटवला, मुंबई महापालिकेची निवडणूक दीडेक वर्षावर होती ना. हायकोर्टाने मुंबईतल्या बंदीला स्थगिती दिली तरी डिबेट चालूच. बहुतेक जैन कुटुंबं शांतपणे उपास करत होती, त्यांना कोणी विचारलंच नाही.

मुलुंडकर: हो, आणि चैत्यभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर केवढी विक्री होते, त्यावर एक तास कार्यक्रम करा की.