फ्लॅट आपणच शोधला, मग दलाली किती द्यायची?

बी-304: नमस्कार मंडळी. आपल्याच सी विंगमधला टू बीएचके घ्यायचं चाललंय. विकायचा आहे हे वॉचमनकाकांकडून कळलं, मालकांशीही आम्हीच बोललो. 72 लाखांवर आलंय. आता मालकांचे एजंट आमच्याकडूनही 2 टक्के मागतायत. पुण्यात हाच रेट आहे म्हणतात. द्यावेच लागतात का?

ए-101: 2 टक्के म्हणजे 1 लाख 44 हजार. त्यावर 18 टक्के जीएसटी लावला तर जवळजवळ 1 लाख 70. जीएसटी धरून की सोडून, ते आधी विचार.

सी-502: आम्ही 1 टक्का दिला. रेरा कायद्याने दलालीचा दर कुठेही ठरवून दिलेला नाही. बोलून ठरेल तो रेट.

बी-102: मी याच व्यवसायात आहे म्हणून सांगतो. त्यांना मालकाने नेमलंय, पैसे मालक देणार. तुमच्यासाठी त्यांनी काय केलं, एवढंच विचारा. मात्र ते सगळं फुकट करतील अशी अपेक्षाही नको. दहा फ्लॅट दाखवावे तेव्हा एक सौदा होतो.

ए-704: अगं, मी दोन्ही घरं एजंटशिवाय घेतली. सर्च रिपोर्ट (मालकीचे जुने कागद तपासून दिलेला अहवाल) वकील काढून देतात, इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) नोंदणी विभागाच्या साइटवर बघता येतो. 50 लाख किंवा वरचा व्यवहार, म्हणून 1 टक्का टीडीएस तुम्हालाच कापून भरायचाय, तो विसरू नका. (मालक परदेशात राहत असतील तर हिशेब वेगळा, सीएंना विचारा.) घर फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर स्टॅम्प ड्युटी 7 ऐवजी 6 टक्के, तिथेच 72 हजार वाचतात. मग एजंटचं काम उरतं कुठे? मालकांचं लोन बाकी आहे का?

बी-304: हो काकू, 19 लाख बाकी आहे.

ए-704: मग तिथे माणूस लागतो. त्यांच्या बँकेचं फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला किती भरायचे ते पत्र), मूळ कागदांची यादी, तुमच्या बँकेचा चेक थेट तिकडे, मग कागद सोडवून आणणं. या धावपळीत आमच्या भाच्याचे दोन महिने गेले. एवढ्याच कामाचा ठरावीक आकडा सांग, टक्का नको. आणि विसार द्यायच्या आधी बोल. विसार गेला की आपला हात अडकतो.

बी-102: काकू बरोबर बोलतायत. पैसे दोन टप्प्यांत द्या, उरलेले कागद हातात आल्यावर. चेकने, पावती घेऊन.

सी-502: नवीन स्कीम बघणाऱ्यांसाठी पण लिहितो. पहिल्या साइट व्हिजिटला फॉर्मवर चॅनल पार्टनरचं (बिल्डरसाठी गिऱ्हाईक आणणाऱ्या एजंटचं) नाव घातलं की बिल्डर त्याचं कमिशन धरूनच बोलतो. स्वतः शोधलं असेल तर ती जागा कोरी सोडा आणि तेवढी रक्कम रेटमधून कमी करून मागा. आमच्या मेहुण्यांना मिळाली.

बी-304 (रात्री 9:40): बोलणं झालं. आधी रागावले, 1 टक्क्यावर आले. मी बँकेच्या कामाची यादी वाचून दाखवली, त्यावर 40 हजार ठरले, जीएसटी धरून. 15 हजार रजिस्ट्रेशनला, 25 हजार कागद मिळाल्यावर. व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं. काकू, खूप आधार वाटला.

ए-101: छान केलंस. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) 25 हजारांच्या वर घेता येत नाही, तोही मालकांशी आत्ताच बोलून ठेव. आणि शेअर सर्टिफिकेट मूळ बघ. ऑफिस सोमवारी 6 नंतर उघडं असतं, ये.